एस्तेरची सचित्र गुंडाळी : कागजीपुऱ्याच्या कागदावर, बोरूने

ज्यू धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांत सजावटीला सर्वांत मोकळी जागा मिळाली ती एस्तेरच्या पुस्तकाला. हे बायबलच्या जुन्या करारातलं पुस्तक : शूशनच्या राजा अहश्वेरोशची ज्यू राणी एस्तेर आणि तिचा नातेवाईक मर्दखय हे दरबारी हामानचा ज्यूंना मारण्याचा कट उधळतात. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत अक्षरांखेरीज सजावटीची एक रेघही चालत नाही. एस्तेरच्या पुस्तकात मात्र देवाचं नाव कुठेच येत नाही, आणि पुरीमच्या, म्हणजे या कथेच्या स्मरणाच्या, सणाला स्वतःच्या घरची गुंडाळी उघडून वाचन ऐकण्याची पद्धत होती. त्यामुळे सोळाव्या शतकापासून इटलीत आणि नंतर आम्सटरडॅममध्ये या गुंडाळ्यांवर कमानी, खांब, फुलं, पक्षी आणि कथेतले प्रसंग उतरू लागले. व्हेनिसमध्ये 1564 साली एस्तेलिना नावाच्या स्त्रीने लिहिलेली सजवलेली गुंडाळी आजही उपलब्ध आहे. सतराव्या शतकात मांतुआहून आम्सटरडॅमला गेलेला शालोम इटालिया तांब्याच्या पत्र्यावर कमानींच्या चौकटी कोरून छापत असे आणि मजकूर त्या चौकटींत हाताने लिहिला जाई.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथे सांगितलेली गुंडाळी अभ्यासाची आणि पाहण्याची आहे. सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) विधिवत वाचनासाठी खाण्यास संमत असलेल्या जनावराच्या कातड्याचं चर्मपत्र आणि प्रशिक्षित लेखनिक लागतो. कागदावरची गुंडाळी त्या कामी येत नाही, म्हणून ती तशी म्हणून कुणाला देऊ नये. वाचनाआधीच्या आशीर्वचनांत देवाचं नाव येतं, तीही लिहू नका. मूळ पुस्तकाचा मजकूर पुरेसा आहे.

या कामात ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकांचं कारण एकच असतं. माणूस भिंतीवर टांगायचं चित्र करावं तसं काम करतो आणि ही वस्तू हजार वेळा वाकणार आहे हे विसरतो. कागदाची जाडी, शाईतला डिंक, रंगाचा थर, सांध्याची जागा, दांड्याचा व्यास हे सगळं त्या वाकण्यावरून ठरवायचं.

आधी हिशोब

पुस्तकात 10 अध्याय आणि 167 वचनं आहेत. शब्द साधारण तीन हजार, अक्षरं बारा हजारांच्या आसपास. चित्राची कल्पना सुचण्याआधी रकान्यांचा हिशोब करा, कारण कमानी, खांब, वेलबुट्टी सगळं रकान्याच्या मापावर उभं राहतं.

हिब्रू चौकोनी अक्षराचं माप लेखणीच्या टोकावरून ठरतं. अक्षर टोकाच्या रुंदीच्या तिप्पट उंच आणि भरलेलं अक्षर तितकंच रुंद. टोक 1 मिमी धरलं तर अक्षर 3 मिमी. योद, वाव, झायिन, नून ही अरुंद अक्षरं धरून एका अक्षराला, शेजारच्या फटीसकट, सरासरी 2.7 मिमी लागतात. 10 सेंमी रुंद ओळीत अशी 37 अक्षरं बसतात. शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून पूर्ण पुस्तकाला 400 च्या थोड्या वर ओळी लागतात. रकान्यात 20 ओळी घेतल्या तर 20 रकाने, आणि हामानच्या दहा मुलांच्या नावांचा स्वतंत्र रकाना मिळून 21.

दोन ओळींत एका ओळीइतकी जागा सोडायची, म्हणजे आखणी दर 6 मिमीला. 20 ओळींचे 12 सेंमी. वर 2.5 आणि खाली 3.5 सेंमी समास ठेवून पट्टी 18 सेंमी उंच होते. खालचा समास नेहमी मोठा, कारण हात तिथेच लागतो. रकान्यांमध्ये 2.5 सेंमी अंतर ठेवा. तिथेच खांब येतील.

हातकागदाचा ताव बहुधा 56 × 76 सेंमी मिळतो. त्यातून 18 सेंमीच्या तीन पट्ट्या निघतात. एका पट्टीत 12.5 सेंमीची सहा घरं बसतात, म्हणजे 75 सेंमी. 21 रकाने, सुरुवातीच्या चित्राला दोन घरं आणि शेवटी दांड्यासाठी एक, अशी 24 घरं. चार पट्ट्या, तीन मीटर लांबी.

पहिल्याच खेपेला तीन मीटरच्या मागे लागू नका. एक पट्टी करा आणि सहावा अध्याय घ्या : राजाची झोप उडते, बखर वाचली जाते आणि हामानला मर्दखयाच्या घोड्यापुढे चालावं लागतं. 14 वचनं आहेत, दोन रकाने पुरतात. उजवीकडून पहिलं घर चित्राला, दुसरं मजकुराला, तिसरं चित्राला, चौथं मजकुराला, पाचवं घोड्याच्या मिरवणुकीला, सहावं दांड्यासाठी कोरं. एवढ्यात या कलेतली प्रत्येक अडचण भेटते.

मजकूर मनाने किंवा आठवणीतून लिहायचा नाही. छापील हिब्रू प्रत समोर हवी. लेखनिकांसाठी रकानेवार छापलेली प्रत मिळते, तिला तिक्कुन म्हणतात. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, म्हणून स्वरचिन्हांची प्रत घेतलीत तर ती चिन्हं वगळून लिहा. जुन्या गुंडाळ्या पाहायच्या असतील तर इस्रायलचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ब्रिटिश लायब्ररी यांच्या डिजिटल संग्रहांत बघा. कॅटलॉगमधल्या छोट्या छायाचित्रांवरून शिकू नका, त्यांत सांधे आणि आखणी दिसत नाही.

कागद

दौलताबाद आणि खुलताबादच्या मधलं कागजीपुरा हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. तिथला सुती चिंध्यांचा कागद या कामाला फार चांगला, कारण सुताचे तंतू लांब असतात आणि वाकून तुटत नाहीत. 120 ते 150 जीएसएमचा, बिनरंगी, पाकळ्या किंवा धागे न घातलेला घ्या. सजावटीचा जाड कागद दिसायला मोह पाडतो, पण 200 च्या वर गेलात की गुंडाळताना आडव्या घड्या पडतात.

हातकागद शाई पितो, म्हणून त्याला खळ द्यावी लागते. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम आरारूट किंवा तांदळाची पिठी शिजवा, गाळा, कोमट असताना रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि सुती कापडावर सपाट वाळवा. कागद वरून कोरडा पण हाताला किंचित थंड लागतो, तेव्हा घोटायला घ्या. गुळगुळीत लाकडी फळीवर ठेवून अकिकाने, शंखाने किंवा मोठ्या कवडीच्या पाठीने लांब हात मारायचे, आधी आडवे, मग उभे. कागदावर मंद तकाकी येते आणि बोट न अडखळता सरकतं.

कोपऱ्यात शाईचा एक ठिपका आणि एक बारीक रेघ काढून बघा. कडा तंतूंसारख्या फुटल्या तर खळ कमी आहे, पुन्हा पातळ हात द्या. शाई थेंबासारखी उभी राहून सरकत असेल तर खळ जास्त झाली. ओलसर फडक्याने हलकं पुसून परत घोटा. ही चाचणी टाळली तर पुढे शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात, आणि हिब्रू लेखनात ती सर्वांत मोठी चूक.

आखणी

पेन्सिलीने नाही, खोबणीने. दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दर 6 मिमीला टाचणीने भोकं पाडून साचा करा आणि तो ठेवून पट्टीच्या दोन्ही टोकांना खुणा करा. मग पोलादी पट्टी लावून बोथट दाभणाने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा. जोर इतकाच की तिरप्या उजेडात रेघ दिसावी. फार दाबलं तर घोटलेला थर फाटतो आणि शाई खोबणीतून ओढल्यासारखी पसरते.

हिब्रू अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला खाली लटकतं. देवनागरी लिहिणाऱ्या हाताला हे सहज जमतं. तोच हात एक घात मात्र करतो : डोक्यावरच्या आडव्या रेघा नकळत एकमेकींना जोडत जातो. हिब्रूत प्रत्येक अक्षराच्या चहूबाजूंनी कोरा कागद दिसला पाहिजे. सुरुवातीचे सरावाचे कागद फक्त एवढ्यासाठी खर्च करा.

बोरू आणि शाई

पूर्वेकडच्या आणि स्पेनकडून आलेल्या ज्यू परंपरांत बोरूनेच लिहीत, म्हणून आपलं साधन इथे उपरं नाही. पिकलेला, कडक, पिवळा पडलेला बरू घ्या. टोक 1 मिमी रुंद, मधोमध सेंटिमीटरभर चीर. हिब्रूत आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक असतात. त्यासाठी टोकाची धार ओळीशी साधारण 60 अंशांत राहिली पाहिजे. ती 30 अंशांवर आली की उलट होतं, उभे पाय जाड होतात आणि अक्षर इंग्रजी वळणाचं दिसू लागतं. सराव 2 मिमी टोकाने, 6 मिमी अक्षरात करा. चुका मोठ्या दिसतात. 1 मिमीचं टोक लवकर झिजतं, म्हणून एकाच मापाचे चार-पाच बोरू आधी कापून ठेवा. रकान्याच्या मधे टोक बदललं तर काळेपणा बदलतो. नवा बोरू रकान्याच्या सुरुवातीलाच घ्या.

कागदासाठी काजळाची शाई. मायफळ आणि हिराकसाची शाई चर्मपत्रावर उत्तम टिकते, पण हिराकस जास्त झालं तर काही दशकांत ती कागद जाळते आणि अक्षराच्या जागी भोक उरतं.

10 ग्रॅम बाभळीचा स्वच्छ डिंक 40 मिली पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. 10 ग्रॅम काजळ पाण्यात भिजत नाही, वर तरंगतं, म्हणून आधी त्यात स्पिरिटचे काही थेंब टाकून लगदा करा. मग डिंकाचं पाणी थोडं थोडं घालत खलात निदान तासभर घोटा. तीन-चार थेंब मध घाला, त्याने वाळलेली शाई लवचीक राहते. लिहिताना पाण्याने पातळ करा.

लिहिलेला तुकडा एक दिवस वाळवून पेन्सिलीभोवती गुंडाळा. शाई खवल्यांसारखी उडाली तर डिंक जास्त आहे. बोटाला काळं लागलं तर कमी आहे.

लेखन

लिहायला उजवीकडून सुरुवात. उजव्या हाताने लिहिताना तळवा ओल्या अक्षरांवर येण्याची भीती असते, म्हणून हात ओळीच्या खाली ठेवा आणि त्याखाली टीपकागद सरकवत राहा. उर्दू लिहिण्याची सवय असलेल्यांना ही दिशा अवघड जात नाही. छत्रपती संभाजीनगर, बीड, नांदेडकडे असे हात पुष्कळ आहेत. फक्त त्यांनी अक्षरं जोडायची सवय बाजूला ठेवावी.

अक्षरं 22, त्यांतल्या पाचांना शब्दाच्या शेवटी वेगळं रूप. या जोड्या शेजारी शेजारी लिहून घोटा : दालेत आणि रेश (दालेतचा मागचा कोपरा टोकदार, रेशचा गोल), हे आणि खेत (हेचा डावा पाय छताला टेकत नाही), बेत आणि काफ, वाव आणि झायिन, सामेख आणि शेवटचं मेम. दालेतचा कोपरा गोल झाला की वेगळाच शब्द तयार होतो.

शिन, आयिन, तेत, नून, झायिन, गिमेल आणि त्सादी या सात अक्षरांच्या माथ्यावर तीन-तीन बारीक रेघांचा मुकुट येतो. तो पूर्ण ओळ वाळल्यावर, सर्वांत बारीक टोकाने करा. ओल्या अक्षरावर केला तर ठिपका होतो.

ओळीची डावी कड जुळवण्यासाठी शब्द तोडायचा नाही. हे, लामेद, ताव, दालेत, रेश यांच्या आडव्या रेघा थोड्या ताणता येतात. दुप्पट रुंदीच्या वर ताणलेलं अक्षर कुरूप दिसतं. शेवटची दोन-तीन अक्षरं राहिली असताना ताण वाटून घ्या, सगळा एकावर टाकू नका. लामेदची मान वरच्या मोकळ्या जागेत जाते, म्हणून तिच्या वरच्या ओळीत शेवटच्या नून किंवा काफचा पाय खाली येत नाही ना, हे आधी पाहा.

पूर्ण पुस्तक करणाऱ्यांसाठी काही ठरलेल्या जागा आहेत. नवव्या अध्यायात हामानच्या दहा मुलांची नावं 11 ओळींत येतात. उजव्या कडेला नाव, डाव्या कडेला जोडशब्द, मधे मोकळी पोकळी. हा रकाना मोठ्या अक्षरांत लिहून पूर्ण भरण्याची पद्धत आहे. पर्शन्दाथाचा ताव, पर्मश्ताचा शिन आणि वैजाथाचा झायिन लहान, तर वैजाथाचा वाव मोठा. पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनात पहिला खेत मोठा आणि नवव्याच्या 29 व्या वचनात पहिला ताव मोठा. अनेक लेखनिक प्रत्येक रकाना ‘राजा’ या शब्दाने सुरू होईल असं जुळवतात. सुंदर दिसतं, पण त्यासाठी तसाच आखलेला तिक्कुन लागतो. स्वतः जुळवायला गेलात तर ओळी रबरासारख्या ताणाव्या लागतील.

चूक झाली तर शाई पूर्ण वाळू द्या, धारदार पात्याने आडवं धरून खरवडा, जागा परत घोटा, मग लिहा. सफेदा लावू नका. गुंडाळल्यावर तो पहिल्यांदा निघतो.

चित्राला हात लावण्याआधी दुसऱ्या माणसाकडून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. हिब्रू येत नसेल तरी आकार जुळवता येतात. रंग चढल्यावर सापडलेला राहिलेला शब्द दुरुस्त करायला जागाच नसते.

चित्रं

जुन्या इटालियन गुंडाळ्यांत शूशनचा राजवाडा इटलीतल्या कमानींचा आहे आणि अहश्वेरोशचे दरबारी त्या काळच्या युरोपी कपड्यांत आहेत. चित्रकारांनी आपलं गाव त्यात घातलं. आपणही बीबी का मकबऱ्याच्या पाकळ्यांच्या कमानी घ्याव्यात. त्या रकान्याच्या माथ्यावर नेमक्या बसतात, आणि पैठणीच्या काठातली असावली, कमळ, मोर खालच्या-वरच्या पट्ट्यांसाठी. नक्षीचं एक एकक 2.5 सेंमीचं करा. रकाना आणि खांब मिळून 12.5 सेंमी होतात, म्हणजे पाच एककं बरोबर बसतात आणि सांध्यावर मोर अर्धा कापला जात नाही. देवदेवतांच्या मूर्ती मात्र यात आणू नका, हा दुसऱ्यांचा धर्मग्रंथ आहे.

कथा सलग कशी दाखवायची हे पाहायला अजिंठा जवळच आहे. सतराव्या लेण्यात चौकटी न आखता एकाच भिंतीवर एकामागून एक प्रसंग येतात, झाड किंवा दार त्यांना वेगळं करतं. गुंडाळीच्या खालच्या पट्टीत हीच रीत उपयोगी पडते.

दिशा चुकवू नका. वाचणारा उजवीकडून डावीकडे येतो, म्हणून मर्दखयाचा घोडा डावीकडे तोंड करून चालला पाहिजे. आपला हात सवयीने घोडा उजवीकडे पळवतो आणि मग तो वाचकाच्या अंगावर येतो. याच प्रसंगात खिडकीतून हामानची मुलगी बापाच्या डोक्यावर घाण ओतते असं चित्र जुन्या गुंडाळ्यांत दिसतं. ते पुस्तकात नाही, तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या कथेतून आलं आहे.

आधी पातळ तपकिरी शाईने बारीक रेखन, मग जलरंगाचे दोन-तीन विरळ थर. गेरू, पिवळी माती, नीळ असे डिंकात घोटलेले रंग छान बसतात. पांढरा घालून घट्ट केलेला रंग जाड लावला की पहिल्या उन्हाळ्यातच भेगाळतो. ॲक्रिलिक वापरूच नका. मे महिन्यात 42 अंशांत घरातली हवा तापली की ॲक्रिलिकचा थर चिकट होतो, गुंडाळीचे वेढे एकमेकांना धरतात आणि उघडताना चित्र पाठीवर निघून येतं. सोनं हवं असेल तर डिंकात घोटलेली खऱ्या सोन्याची पूड सपाट लावून घोटा. उठावाचं सोनं सपाट पानासाठी असतं, वाकलं की तडकतं. चांदीचा वर्ख काळा पडतो. हरताळाचा पिवळा सुंदर असला तरी त्यात आर्सेनिक असतं, घरात घोटू नका.

आमच्याकडचा उन्हाळा शाईलाही भारी जातो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहापर्यंतच लिहा, दौतीशेजारी ओला स्पंज ठेवा आणि कूलरची हवा कागदावर थेट येऊ देऊ नका, तिच्यातल्या ओलीने खळ फुगून कागद लाटांसारखा होतो. खळ द्यायचं आणि सांधायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलेलं बरं.

सांधा, दांडा, जपणूक

सांधा नेहमी दोन रकान्यांच्या मधल्या जागेत. डावीकडच्या पट्टीच्या उजव्या कडेला 6 मिमी जादा ठेवून ती कड पातळ खरवडा आणि उजवीकडची पट्टी तिच्यावर चिकटवा. अशाने वाचताना बोट डावीकडे सरकलं की कडेला अडत नाही. मैद्याची शिजवलेली पातळ खळ वापरा. सुतारकामाचा पांढरा गोंद कडक पट्टी बनवतो आणि कागद शेजारी मोडतो, शिवाय पुढे कधी सोडवता येत नाही. वजनाखाली एक दिवस ठेवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन सेंमी नक्षी आधी रंगवू नका, सांधून झाल्यावर पूर्ण करा.

एस्तेरच्या गुंडाळीला तोरासारखे दोन दांडे नसतात, एकच पुरतो, डाव्या टोकाला. कातारीकडून सागवानाचा 2.5 सेंमी व्यासाचा करून घ्या, खाली 10 सेंमी मूठ आणि वर 4 सेंमी टोक. बारीक दांडा सुबक दिसतो, पण आतले वेढे इतके घट्ट होतात की शाई तुटते. कोरं घर दांड्याच्या चिरेत घालून दोऱ्याने शिवा. उजव्या टोकाला पाठीमागून 5 सेंमी मलमल लावा, कारण तिथेच रोज बोटं लागतात.

मजकूर आणि चित्र आत ठेवून गुंडाळा. बाहेर ठेवलं तर रंगाचा थर ताणला जातो, आत असला की नुसता दबतो. वेढे सैलसर ठेवा, बाहेरून सुती कापड, त्यावर हवी तर हिमरूची पिशवी. प्लास्टिकमध्ये ठेवली की पावसाळ्यात बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून पोथ्यांत ठेवतात तसं वेखंड पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवा, कागदाला टेकू देऊ नका. पावसाळा संपला की कोरड्या दिवशी पूर्ण उघडा, सांधे आणि रंगाचे जाड भाग भिंगाने पाहा. कुठे खवले दिसले तर एक भाग डिंकाला दहा भाग पाणी असं विरळ मिश्रण बारीक कुंचल्याच्या टोकाने फक्त तेवढ्याच जागी सोडा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत गुंडाळू नका.